धनराजच्या पोटातली डबी

सोमवार, १४ ऑक्टोबर

दिव्यानं तिची अर्धी कोरी वही दिली. म्हणे, आजी, दिवसभर बडबडतेस ते यात लिही, आमच्या कानाले जरा आराम. नात आहे, पण जीभ माझीच उचलली तिनं.

चौथी पास आहे मी. पुढं बापानं बकऱ्या दिल्या राखायले. म्हणून अक्षरबी बकरीसारखंच चालते, मनाले येईल तिकडं. वाचायचं कोणाले आहे म्हणा.

नागपूरच्या नर्सबाईनं घरी एक कागद दिला आहे, चौकटी चौकटीचा. धनराजचे पाय दिवसात किती वेळा आखडले, झोप किती, पोट साफ झालं का, सारं आकड्यानं भरायचं. तो कागद माझी सून रंजीता भरते. माझ्या हाती देत नाई. म्हणते, "आई, तुम्ही चौकटीच्या बाहेर जाता." खरं आहे. म्हणून ही वही माझी.

धनराज माझा एकुलता. घुग्घुसले कोळशाच्या ट्रकवर ताडपत्री बांधता बांधता पडला, त्याले दोन वर्षं झाली. कमरेखालचा जीव गेला. जीव गेला तर पायांनी मुकाट पडून राहावं, तेबी नाई. लाकडासारखे ताठ व्हायचे, कात्रीसारखे एकावर एक चढायचे. पँट घालायले रंजीताले अर्धा घंटा लागे. खुर्चीत बसवलं की पायच झटका मारून त्याले खाली फेकत. गोळ्या खाऊन तो दिवसभर झोपायचा, पाय मात्र जागे.

मग मार्चमध्ये नागपूरले त्याच्या पोटात पंप बसवला. बुटाच्या पॉलिशची असते तेवढी डबी, बेंबीच्या उजव्या अंगाले कातडीखाली. तिच्यातून बारीक नळी निघते, कातडीखालूनच कमरेले वळसा घालून पाठीच्या कण्यात जाते. औषध थेंब थेंब कण्यात पडते आणि पाय सैल राह्यतात. तीन महिन्यांनी नागपूरले जायचं, पोटात सुई टोचून डबी भरून आणायची. मी हसली होती. माणसाच्या पोटात टाकी! पण आता तो चाकाच्या खुर्चीवर सपरीत, दारापुढच्या पडवीत बसते, गावाचे मोबाईल दुरुस्त करते, बायकोवर खेकसते. खेकसते म्हणजे माणूस परत आला.

बुधवार, १६ ऑक्टोबर

हलका धान, लवकर पिकणारा, कापायले आला. रंजीता पहाटे स्वयंपाक करते, धनराजचे पाय वाकवते, सरळ करते, त्याले धुते-पुसते आणि सातले धानाच्या बांधीत हजर. माणसं तिच्या मागं पडतात कापायले. आरमोरीची आहे, मोठ्या गावातली. लग्नात मले वाटलं होतं, ही चार दिवसांत माहेरी पळते. पळाली नाई. तोंडावर मी तिले कधी चांगलं म्हटलं नाई, म्हणणारबी नाई. चढून बसन डोक्यावर.

धनराज म्हणाला, "माय, चार दिवस पोट साफ नाई. दगड बसल्यासारखं वाटते."

म्हटलं, मग मी कशाले जिती आहे? या गावात बेंबी सरकली की बाया माझ्याकडं येतात. बाळंतिणीचं पोट, लेकराची पोटदुखी, सारं माझ्या हाताखालून गेलं. पोटात गोळा कुठी दडला ते माझ्या बोटाले डोळे असल्यासारखं दिसते. टोरीचं, मोहाच्या बियांचं तेल कोमट केलं आणि बसली.

हळूहळू उतरवत आणलं. त्या डबीपाशी हात आला तर ती खालून सरकली. कातडीच्या पिशवीत मोकळी आहे, मासोळी गाळात फिरते तशी. जागेवर नाई वाटली. गोळा बसवते तशी धरली आणि फिरवून बसवली. दुखलं का म्हणून विचारलं, तर म्हणाला, तिथं नाई दुखत. संध्याकाळी पोट मोकळं झालं. रंजीताले सांगतलं नाई. ती लगेच नर्सबाईचे नियम काढन. पोटावर मार लागू देऊ नका, गरम शेक देऊ नका, पंप आहे हे सांगितल्याशिवाय मोठ्या मशीनमध्ये घालू नका. चोळू नका असं कोणी म्हटलं नाई. मी होती तिथं, दोन्ही कानांनी ऐकलं.

शनिवार, १९ ऑक्टोबर

चार दिवस रोज चोळते आहे. डबी रोज जरा सरकलेली सापडते, रोज बसवून देते. नागपूरच्या डॉक्टरनं ढिली ठेवली, आपल्याले निस्तरा लागते. पोट मात्र घड्याळासारखं साफ. धनराज म्हणते, "माय, तुझ्या हातापुढं गोळी काही नाई." रंजीता संध्याकाळी त्याचा सदरा हाती घेऊन उभी राहिली. वास घेतला, माझ्याकडं पाह्यलं, बादलीत टाकला. थकली असन.

रविवार, २० ऑक्टोबर

धनराजचं अंग खाजवून राह्यलं. मान, हात, पोट. ना पुरळ ना गांधी. धानाची कुसळं लागली असतील म्हटलं, घरभर उडतात. कडुनिंबाच्या पाण्यानं पुसलं. काही फरक नाई.

पायबी आखडतात. रंजीता कागद घेऊन बसली. तीन, चार, चार, अकरा आणि आज संध्याकाळपर्यंत एकोणीस. नर्सबाईले फोन लावला, रविवार, कोणी उचलला नाई. मी म्हटलं, "कुसळाची खाज आहे, एवढं घाबरून काय राह्यली?" ती म्हणाली, "आई, मी खाजेले नाई घाबरली. आकड्याले घाबरली."

बुधवार, २३ ऑक्टोबर. नागपूर

दोन दिवस वही हाती आली नाई. दिव्यानं माझ्या थैलीत टाकली होती. आता दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिते.

सोमवारी दुपारी ताप चढला. आमच्याकडं या दिवसांत ताप म्हणजे मलेरिया, दुसरं नाव नाई तापाले. गावातली आशा वर्कर बुधरी धावत आली, बोटाले टोचून पट्टीवर रक्त घेतलं. एकच रेघ उमटली. ती म्हणाली, "मलेरिया नाई, मामी."

आमच्या शेजारचे भैयाजी, जुने पोलीस पाटील. त्यांना सारं येते. म्हणाले, "पट्टीचं काय सांगता? माझ्या वेळी तीन पट्ट्या खोट्या निघाल्या आणि चौथ्या दिवशी मी खाटेवर थरथरत होतो. चामोर्शीले न्या, सुई मारली की उतरते."

मीबी तेच म्हटलं. वहीत खोटं कशाले लिहू? जोरात म्हटलं.

रंजीता बांधीतून आली होती. हातात विळा तसाच. म्हणाली, "मलेरियात थंडी वाजते, मामाजी. याले खाज आली, मग पाय आखडले, मग ताप. पंप बसवला तेव्हा दिलेल्या लाल कार्डावर असंच लिहिलं आहे. औषध कण्यात पोचून नाई राह्यलं."

भैयाजी म्हणाले, "अवो, मागच्या महिन्यात तर भरून आणला ना? भरलेली टाकी बंद कशी पडन?"

"टाकी भरली असन. नळीचं काय?"

तिनं नर्सबाईले फोन लावला, लागला. नर्सबाई तिकडून बोलली ते मलेबी ऐकू आलं: जपून ठेवायले दिलेल्या गोळ्या आत्ता द्या आणि आत्ता निघा, उद्या नाई, हे अंगावर काढलं तर माणूस हाती राहत नाई. संकटाच्या वेळेसाठी म्हणून ठेवलेल्या त्या गोळ्या रंजीतानं पिठाच्या डब्याच्या वर टांगून ठेवल्या होत्या, दिव्याचा हात पुरणार नाई पण तिचा पुरन अशा. मी म्हटलं, "आधी चामोर्शीची सुई तर—" तर माझ्याकडं पाहिलंबी नाई. भैयाजींना म्हणाली, "मामाजी, पिकअप काढा, नाई तर चावी द्या. ट्रॅक्टर चालवते मी, पिकअपबी चालवीन."

भैयाजींनी पिकअप काढली. अर्ध्यावर भरलेल्या धानाच्या पेंढ्या तिथंच रस्त्याच्या कडेले उतरवल्या. दिव्याले बुधरीकडं ठेवलं.

गडचिरोलीले पोचलो तेव्हा धनराज धनुष्यासारखा वाकला होता. दात आवळलेले, अंग विस्तवासारखं, मले ओळखेना. ट्रकच्या दोऱ्या आवळा, दोऱ्या आवळा, असं बोलून राह्यला. तिथला डॉक्टर पोरगेला, मिशी नीट फुटली नव्हती. तो पहिल्यांदा मलेरियाच म्हणाला. रंजीतानं लाल कार्ड त्याच्यापुढं ठेवलं, चौकटींचा कागद ठेवला, फोन लावून मोठ्या आवाजावर केला आणि तोबी ठेवला. त्या पोरानं कार्ड दोनदा वाचलं. म्हणाला, "ताई, असा पंप मी पुस्तकात पाहिला आहे, माणसात नाई." अशी कबुली देणारा डॉक्टर मी सत्तर वर्षांत पाहिला नव्हता. मग नागपूरच्या डॉक्टरनं फोनवर सांगितलं तसं त्यानं सारं केलं. सलाईन, पाय ढिले पडायची सुई, अंगावर ओले कपडे. स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये बसून नागपूरपर्यंत आला. उतरल्यावर मी त्याले म्हटलं, "बापू, चहा तरी पी." म्हणाला, "आजी, तुमच्या सुनेनं मले आज एक नवा आजार शिकवला. चहा त्यांना पाजा."

पाजला. तिनं कप हातात धरला, पण डोळे धनराजले नेलं त्या दरवाज्याकडंच. चहा सांडला तेव्हा मले समजलं, तिलेबी भीती वाटते.

आज धनराजचा ताप उतरला. शुद्धीवर आहे. काचेमागं आहे. मी बाहेरून हात दाखवला, त्यानं डोळे मिचकावले.

बुधवार, तोच. चार वाजता

सहारे डॉक्टरनं बोलावलं. धनराजचा पंप यांनीच बसवला होता. फोटो काढला होता हाडांचा, भिंतीवर उजेडात लावला. डबी उलटी झाली आहे. सुई टोचायचं तोंड आत, पाठ बाहेर. आणि नळी डबीभोवती पीळ देऊन गुंडाळली, म्हणून ओढली गेली आणि कण्यातून निघून आली. औषध पोटातच कुठीतरी गळत होतं.

डॉक्टरनं विचारलं, "डबी कोणी हलवली, फिरवली का?"

रंजीता पटकन म्हणाली, "नाई. झोपेत कूस बदलतात, तेव्हा फिरली असन."

डॉक्टरनं चष्मा काढला. म्हणाले, एकट्यानंच फिरत असेल तर याची कातडी डबी धरत नाही असा अर्थ होतो. आज नवी नळी टाकली, टाके घातले तरी पुन्हा फिरेल. पुढच्या वेळी इथवर पोचेल न पोचेल. त्यापेक्षा पंप काढून टाकावा, गोळ्यांवर ठेवावं. उद्या सकाळी सांगतो.

गोळ्यांवर म्हणजे परत कात्री. परत अर्धा घंटा पँटले. परत झोपलेला माणूस आणि जागे पाय.

डॉक्टर गेल्यावर मी नर्सबाईले म्हटलं, तो फोटो मले एकदा दाखव. तिनं बोट ठेवून नळी दाखवली. मी पीळ मोजले. सहा. दोरी वळलेली हाताले कळते. सारे पीळ एकाच अंगाचे, उजवीकडून डावीकडं. झोपेतला माणूस दोन्ही कुशींवर वळते. एकाच अंगानं कोण वळते?

मी बेंबी बसवते ती उजवीकडून डावीकडं. सारं गाव जाणते.

आता काही लिहवत नाई.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

सकाळी सहारे डॉक्टर यायच्या आधीच त्यांच्या खोलीपुढं जाऊन उभी राहिली. पायात चप्पल नव्हती हे नर्सबाईनं सांगितलं तेव्हा कळलं.

रंजीता मागून आली. डॉक्टर आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "डबी मी फिरवली. चार दिवस, रोज. पोट साफ होत नव्हतं म्हणून. त्याच्या कातडीचा दोष नाई. पंप काढू नका."

मग डॉक्टरनं खाटेवरची उशी उचलून माझ्या हाती दिली. म्हणाले, "आजी, कसं केलं ते दाखवा."

दाखवलं. चार बोटं खाली घालायची, अंगठा वरून. गोळा हाती येतो. मग उचलून वळवायचा, जरा दाबायचा, परत वळवायचा. ते वाकून पाहत होते, जसा मी त्यांचा मास्तर. परत दाखवा म्हणाले. परत दाखवलं. नर्सबाई दरवाज्यात होती. तिले पदर असता तर तिनं तोंडाले लावला असता.

मी शिव्यांची वाट पाहत होती. माझी पाळी असती तर मी दिल्या असत्या, चांगल्या निवडून. डॉक्टर म्हणाले, "ठोकू नका सांगतो, शेकू नका सांगतो. घरी कोणी पोटाला हात लावून हे करेल, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आजी, तुम्ही बोलल्या नसत्या तर आज मी तो काढून टाकला असता." मग नर्सबाईकडं वळून म्हणाले, "उद्या सकाळी घेऊ. नवी नळी, आणि पंप आतल्या स्नायूच्या पडद्याला चारही बाजूनं टाके घालून पक्का करू."

मी म्हटलं, "पक्का करा. माझा भरवसा नाई."

तेव्हा हसले.

धनराजले मी स्वतः सांगितलं. काचेच्या आत जाऊ दिलं पाच मिनिटं. तो म्हणाला, "पोट तर साफ झालं होतं, माय." कसा बोलते पाहा, मरणाच्या दारातून आला आणि गंमत करते. मी त्याच्या कपाळाले हात लावला. पोटापासून हातभर दूर.

शनिवार, २६ ऑक्टोबर

काल दोन घंटे लागले. नळी नवी, डबी तीच, आता तोंड बाहेर. आज सकाळी रंजीतानं त्याचा उजवा पाय उचलला आणि तो आपला वाकला, मऊ, ओल्या कणकेसारखा. तिनं पाय खाली ठेवला, परत उचलला. तिसऱ्यांदा उचलला. नर्सबाई म्हणाली, "बस की ताई, झोपू द्या त्यांना." रंजीता म्हणाली, "एकदाच."

बुधवार, ३० ऑक्टोबर

टाक्यांपाशी फुगलं. पाणी जमलं म्हणतात. लाल नाई, तापलेलं नाई, म्हणून सुई घालून काढत नाईत, सुईनं आत किडे जातील. रुंद पट्टा आवळून ठेवला आहे. आपोआप जिरन. रोज पाहायचं: लाली आली का, ऊन लागते का, पाणी गळते का. मले माझ्या बोटांनी पाहायची सवय. हात मांडीखाली दाबून बसते आणि डोळ्यांनी पाहते. कठीण आहे.

उद्या दिवाळी. खालच्या कँटीनमधून चिवड्याचा वास येते. भैयाजींचा फोन आला होता. कापलेला धान त्यांनी आणि बुधरीच्या घरच्यांनी मिळून घरी आणून टाकला. म्हणाले, "मंगलीबाई, पट्टी खरी निघाली, माझं खोटं निघालं. सुनेले सांगजा." म्हटलं, तुम्हीच सांगा, तुमचं तोंड आहे ना. सांगितलं त्यांनी. ती फोनवर नुसतं हो हो म्हणत होती आणि कान लाल.

रविवार, ३ नोव्हेंबर. घरी

काल आलो. फुगा निम्मा उतरला. सकाळपासून गावातल्या बाया पाहायले येऊन राह्यल्या. मी प्रत्येकीले सांगते, डबी मी फिरवली म्हणून. आधी सांगून टाकलं की मागून कुजबुज करायले काही उरत नाई. एक म्हणाली, "जाऊ द्या, बुढ्या माणसाच्या हातून होते." मी म्हटलं, "बुढेपणानं नाई झालं. मले सारं येते असं वाटलं म्हणून झालं." ती लवकर उठून गेली.

दुपारी बाया पांगल्या, धनराज झोपला. रंजीता अंगणात धान पाखडत होती. मी जाऊन तिच्यापुढं बसली. म्हटलं, "सदऱ्याले तेलाचा वास आला तेव्हाच तुले समजलं होतं ना?"

"तेव्हा चोळता एवढं समजलं. डबी फिरवता हे फोटो पाहून समजलं."

"मग डॉक्टरपुढं खोटं काऊन बोलली? झोपेत फिरली म्हणे."

ती सूप हलवत राह्यली. म्हणाली, "तेव्हा मले कुठी माहीत होतं डॉक्टर काढून टाकतो म्हणन? वाटलं, झालं ते झालं, चार लोकांत तुमची मान कशाले खाली करू."

"आणि काढतो म्हटल्यावर?"

"मग ठरवलं, सकाळी डॉक्टर आले की सांगायचं."

"मग संध्याकाळीच काऊन नाई सांगितलं?"

तिनं सूप खाली ठेवलं. पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यात पाह्यलं. म्हणाली, "तुम्ही तो फोटो पाहून आल्या, वही काढली, चार ओळी लिहिल्या आणि बंद केली. जेवल्या नाई. मले समजलं, तुमाले समजलं. मग तुमाले सकाळपर्यंत वेळ दिला. स्वतःहून बोलल्या तर बरं. सकाळी तुमच्या मागंच होती मी. डॉक्टरपुढं तुम्ही चूप राहिल्या असत्या तर मी बोलली असती. तुमच्यासमोरच."

"माझं नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

सोळा वर्षं एका चुलीवर रांधतो आम्ही दोघी. धनराजचा जीव एकीकडं आणि माझी अब्रू एकीकडं, तिनं दोन्ही एका रात्रीपुरत्या धरून ठेवल्या, आणि सोडायची वेळ आली तर कोणती सोडायची हे तिचं पक्कं होतं. बरोबर तीच सोडायची होती. तिच्या जागी मी असती तर संध्याकाळीच बोंबलली असती.

म्हटलं, "उन्हात बसून डोकं फिरलं तुझं. सूप आण इकडं. तू अर्धा धान बाहेर फेकून राह्यली."

एक दाणा बाहेर नव्हता. तिनं सूप दिलं आणि आत जाऊन झोपली. दोन वर्षांत पहिल्यांदा, भर दुपारी. मी अंगणात बसून सारा धान पाखडला, आवाज न करता.